निवृत्तीनंतर आठवडा आधी आखा, पैसे नंतर वाटा

शाल-श्रीफळ मिळतं, महिन्या-दोन महिन्यांत खात्यात एकदम मोठी रक्कम येते आणि घरात तिची वाटणी सुरू होते. वरचा मजला चढवू, मुलाच्या फ्लॅटला हातभार लावू, उरलेले पतसंस्थेत टाकू, तिथं अर्धा टक्का जास्त मिळतो. पुढची वीस-पंचवीस वर्षं सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न या यादीत नसतोच. तो पडतो तेव्हा पैसे गुंतून बसलेले असतात. म्हणून हा क्रम उलटा करावा असं आमचं सांगणं आहे. आठवडा आधी कागदावर आणायचा, त्याला लागणारा खर्च काढायचा आणि मग पैशांना हात घालायचा.

हे मार्गदर्शन गोव्यात सरकारी खात्यातून किंवा शाळेतून निवृत्त होणाऱ्यांसाठी आहे. वेर्णा-कुंडई-डिचोलीच्या औद्योगिक वसाहतींतल्या कामगारांना आणि आखातातून कायमचं घरी परतलेल्यांनाही ते लागू पडेल. पेन्शनचे नियम प्रत्येकाचे वेगळे असले तरी पायऱ्या त्याच.

पहिली पायरी: सहा महिने रक्कम जागची हलवू नका

प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे जे काही येईल ते मोठ्या बँकेत ९१ ते १८० दिवसांच्या ठेवींत ठेवा. एकच मोठी ठेव करू नका. पाच-पाच लाखांचे तुकडे केलेत तर मध्येच गरज लागल्यास एकच तुकडा मोडावा लागतो. या काळात दोनच गोष्टी करायला हरकत नाही: क्रेडिट कार्डाचं किंवा चढ्या व्याजाचं कर्ज फेडून टाकणं, आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मुदत सांभाळणं. ही योजना साठीनंतर कधीही घेता येते. मात्र ५५ ते ६० या वयात निवृत्त झाला असाल, तर निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडावं लागतं.

बँकेतल्या ठेवींना विम्याचं संरक्षण प्रत्येक बँकेमागे, प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंतच असतं, तेही मुद्दल आणि व्याज मिळून. रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये म्हापसा अर्बनचा आणि २०२१ मध्ये मडगाव अर्बनचा परवाना रद्द केला. हे गोव्यातल्या ठेवीदारांना वेगळं सांगायला नको. सहकारी पतसंस्थेतल्या ठेवीला तर हा विमाही नसतो. संचालक ओळखीचे आहेत, गावचेच आहेत, ही ओळख हिशेबात धरू नका.

या सहा महिन्यांत घरी पाहुणे वाढतील. कुणाला उसने हवे असतील, कुणाकडे पॉलिसी असेल, कुणी प्लॉट दाखवायला नेईल. ‘पैसे ठेवीत बांधले आहेत, डिसेंबरनंतर बघू’ एवढं सरळ उत्तर पुरतं. ते नवऱ्यानं आणि बायकोनं एकच द्यायला हवं.

दुसरी पायरी: नोकरी पगाराशिवाय काय देत होती ते लिहा

एका कागदावर चार ओळी लिहा. घरातून बाहेर पडण्याची ठरलेली वेळ. रोज भेटणारी माणसं. अंगाला होणारी हालचाल. आणि ‘हे कसं करायचं?’ असं कुणीतरी आपल्याला विचारणं. पगाराची जागा पेन्शन किंवा व्याज घेतं. या चार गोष्टींची जागा आपोआप कशानेच भरत नाही. पहिले दोन महिने झोप, टीव्ही आणि राहून गेलेली देवदर्शनं यांत बरे जातात. खरी पोकळी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात जाणवते. चौथी गोष्ट सुटते ती सर्वांत जास्त बोचते, विशेषतः अधिकारपदावरून उतरलेल्यांना. फोन वाजायचा थांबतो.

आता प्रत्येक ओळीसमोर ती गोष्ट पुढे कुठून मिळेल ते लिहा. जागा रिकामी राहिली तर राहू द्या, पण खोटं भरू नका. ‘वाचन’, ‘प्रवास’, ‘समाजसेवा’ असे मोघम शब्द चालणार नाहीत. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी दहा ते साडेबारा, गावच्या मराठी प्राथमिक शाळेत चौथीच्या मुलांचं वाचन’ असं लिहिता आलं तरच ते खरं.

हा कागद जोडीदारासमोर बसून करा. घर सांभाळणाऱ्या बाईला निवृत्ती नसते. नवरा दिवसभर घरी बसला की तिचं काम वाढतं: दोनदा ऐवजी चारदा चहा, दुपारच्या विश्रांतीत टीव्ही, कोथिंबीर कशी निवडावी यावर सूचना. त्यामुळे घरातली दोन कामं नवऱ्यानं कायमची आपल्याकडे घ्यावीत, मदत म्हणून नव्हे, स्वतःची जबाबदारी म्हणून. बाजार आणि सकाळची न्याहारी हे सोपं सुरुवातीचं वाटप. बायकोचा आठवडाही त्याच कागदावर लिहायचा आणि तिचं भजनी मंडळ किंवा बचतगटाची बैठक यांची वेळ आधी भरायची.

तिसरी पायरी: आठवड्यात तीनच कामं बांधा

पहिल्या वर्षी तीनपेक्षा जास्त बांधिलक्या घेऊ नका. एक काम हातापायांचं, एक माणसांत मिसळण्याचं, एक नवीन शिकण्याचं. शक्य असेल तर निवृत्तीच्या वर्षभर आधीपासून शनिवार-रविवारी ती करून पाहा. आवडेल असं वाटणं आणि करून आवडणं यांत फार फरक असतो.

माणसांतल्या कामाला आपल्याकडे तोटा नाही. भजनाची तालीम संध्याकाळी सात ते नऊ गावोगाव चालते. कला अकादमीच्या भजनी स्पर्धेसाठी उतरणाऱ्या पथकाला टाळकरीच नव्हे तर हिशेब, गाडी आणि तारखा सांभाळणारा माणूसही लागतो. जत्रेच्या नाटकाचं तसंच. ग्रामसभेला जाणारे बरेच असतात, आधीच्या सभेचं इतिवृत्त वाचून जाणारे थोडे. पंचायतीच्या जैवविविधता समितीची नोंदवही अद्ययावत ठेवणं हे तर निवृत्त शिक्षकासाठीच नेमलेलं काम वाटावं. गावातल्या झऱ्यांची, राईंची, मिठागरांची नावं माहीत असलेली पिढी आता थोडीच उरली आहे, तोवर ते लिहून घ्यायला हवं.

शिकण्यासाठी पणजीत पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ मध्ये स्थापन झालेलं हे ग्रंथालय बसस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मडगावात गोमंत विद्या निकेतन १९१२ पासून चालू आहे. घरच्या जुन्या पोर्तुगीज किंवा मोडी कागदांचा उलगडा करायचा असेल, तर पुराभिलेख खात्यातले दस्त पाहण्याची सवय लावून घेता येते. यातून घराच्या वाटणीचा घोळही पुष्कळदा सुटतो.

इथं काय बिघडतं तेही सांगायला हवं. पहिला धोका म्हणजे पदं. निवृत्त माणसाला वेळ आहे म्हटल्यावर देवस्थान समिती, हौसिंग सोसायटी आणि ज्येष्ठ नागरिक संघ सगळेच सचिव करायला तयार असतात. वर्षभरात तिन्हीकडची भांडणं घरी येतात आणि माणूस रागावून सगळंच सोडतो. पहिल्या वर्षी पद न घेता काम घ्या. दुसरा धोका नातवंडांचा, आणि तो बोलायला अवघड. नातवंडं सांभाळणं आनंदाचं आहे, पण सकाळी आठ ते संध्याकाळी सात, आठवड्याचे सहा दिवस ही नोकरी झाली. किती दिवस, किती तास, आजारी पडलो तर काय, हे मुलाशी-सुनेशी किंवा लेकीशी आधीच स्पष्ट बोला.

भाट, कुळागर आणि परसबाग

गोव्यात निवृत्तीनंतर ‘आता शेती करणार’ म्हणणारे सर्वांत जास्त, म्हणून यावर थोडं सविस्तर. भाट म्हणजे माडांची बाग, कुळागर म्हणजे सुपारीची मिश्र बाग.

वयाच्या साठाव्या वर्षी सुपारीचं नवं रोप लावलं तर उत्पन्न पासष्टीच्या पुढे सुरू होतं. उंच जातीच्या माडाला सहा-सात वर्षं, कलमी मानकुराद आंब्याला चार-पाच, मिरवेलीला तीन-चार. माड साडेसात मीटर अंतरावर, सुपारी २.७ मीटरवर. दाटी केली तर झाडं उंच जातात, फळ कमी धरतात आणि चढणाऱ्यालाही त्रास. म्हणून पैशासाठी नवी बाग उभी करण्यापेक्षा वडिलोपार्जित भाट सांभाळणं, रिकाम्या जागी केळी-अननस आणि आहे त्या सुपारीवर मिरवेल चढवणं हे साठीनंतर जास्त शहाणपणाचं. दूरच्या तालुक्यात जमीन घेऊन आठवड्यातून एकदा जाणाऱ्याची बाग गवे, रानडुक्कर आणि माकडं खातात. रोज पाय लागणार नसेल तिथं पैसे घालू नका.

सुपारीचा खरा खर्च मजुरीचा, आणि तो पावसाच्या तोंडावर येतो. सुपारीची फळं सडवणाऱ्या कोळेरोगासाठी एक टक्का बोर्डो मिश्रणाची पहिली फवारणी पाऊस सुरू होण्याआधी आणि दुसरी त्यानंतर ४०-४५ दिवसांनी करतात. १०० लिटरसाठी १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना. मोरचूद ५० लिटर पाण्यात, चुना दुसऱ्या ५० लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या पिंपांत वेगवेगळे विरघळवायचे आणि मग तिसऱ्या पिंपात एकदम ओतत ढवळायचे. लोखंडी पातं घासून चकचकीत करून मिनिटभर त्यात बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे. तो वाढवला नाही तर फवाऱ्याने घड करपतात. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं, दुसऱ्या दिवशी ते निकामी. ही फवारणी तुम्ही झाडावर चढून करणार नाही, त्यासाठी माणूस मेच्या आरंभीच सांगून ठेवावा लागतो. एक फवारणी चुकली तर वर्षाचं पीक ऑगस्टमध्ये जमिनीवर पडलेलं दिसतं.

ज्यांना हातापायांना काम हवं, उत्पन्न नको, त्यांनी परसबागेनं सुरुवात करावी. तांबडी भाजी (लाल माठ) २५-३० दिवसांत काढता येते, भेंडी पंचेचाळीस-पन्नास दिवसांत. महिन्याभरात हातात काहीतरी येतं आणि हुरूप टिकतो. रोपं आणि प्रशिक्षण जुने गोवे येथील एला इथल्या कृषी संशोधन केंद्रात आणि कृषी विज्ञान केंद्रात मिळतं. अनुदान हवं असेल तर आपल्या विभागीय कृषी कार्यालयातून कृषी कार्ड काढा. त्यासाठी जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा लागतो, आणि तिथंच बऱ्याच जणांना कळतं की उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे.

चौथी पायरी: खर्चाच्या तीन याद्या

आता आठवड्याला किंमत लावा. पहिली यादी महिन्याची: वाणसामान, मासळी किंवा भाजी, गॅस, वीज, पाणी, औषधं, पेट्रोल, फोन. यात वर ठरवलेल्या तीन कामांचा खर्चही धरायचा. पणजीला आठवड्यातून दोनदा बसने जाणं आणि गाडीने जाणं यांत महिन्याला हजार-दोन हजारांचा फरक पडतो, तो आत्ताच दिसू द्या.

दुसरी यादी वर्षाची, आणि चूक होते ती इथं. चवथ (गणेशचतुर्थी), जत्रा, लग्नकार्यांचे आहेर, घरपट्टी, गाडीचा आणि आरोग्याचा विमा, पावसाळ्याआधी कौलं परतणं, रीपांची दुरुस्ती, नारळ पाडणाऱ्या पाडेल्याची मजुरी, विहिरीचा पंप. हे सगळं मिळवा आणि बाराने भागा. साधारण घरात हा आकडा महिन्याच्या खर्चाच्या चौथाईपर्यंत सहज जातो. ज्यांनी तो धरलेला नसतो त्यांना दरवर्षी ऑगस्टमध्ये ठेव मोडावी लागते.

तिसरी यादी पाच-सात वर्षांनी येणाऱ्या गोष्टींची: गाडी बदलणं, घराचं रंगकाम, दातांचं मोठं काम, गुडघा, मोतीबिंदू. यासाठी वेगळी ठेव.

महागाई ६ टक्के धरली तर खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो. साठाव्या वर्षी ३० हजार लागत असतील तर बहात्तराव्या वर्षी ६० हजार लागतील. पेन्शनवर महागाई भत्ता मिळणाऱ्याला याची झळ कमी बसते. ठेवीच्या व्याजावर जगणाऱ्याला पूर्ण बसते, आणि त्याला ती तिसऱ्या-चौथ्या वर्षीच कळते.

पाचवी पायरी: महिन्याला काय येणार ते ठरवा

जुन्या पेन्शन योजनेतल्यांपुढचा मोठा निर्णय म्हणजे पेन्शनविक्री, म्हणजे पेन्शनचा काही भाग सोडून त्याबदल्यात एकरकमी पैसे घेणं. मूळ पेन्शनच्या ४० टक्क्यांपर्यंत विकता येते आणि पंधरा वर्षांनी ती पूर्ववत होते. समजा मूळ पेन्शन ४०,००० आहे. १६,००० विकले आणि पुढचा वाढदिवस एकसष्टावा असेल, तर गुणक ८.१९४ लागतो. १६,००० गुणिले १२ गुणिले ८.१९४ म्हणजे १५,७३,२४८ रुपये हाती. बदल्यात पंधरा वर्षांत २८ लाख ८० हजार सोडायचे. व्याजात मांडलं तर हे साधारण ९ टक्क्यांचं कर्ज पडतं. बाजू अशा की ही रक्कम करमुक्त असते, महागाई भत्ता पूर्ण मूळ पेन्शनवर मिळत राहतो, आणि मध्येच मृत्यू आला तर कुटुंबाकडून काही वसूल होत नाही. घरकर्ज फेडायचं असेल किंवा ठरवलेलं काम असेल तर घ्या. ७ टक्क्यांच्या ठेवीत टाकायला पेन्शन विकू नका.

खासगी कंपनीतल्यांची ईपीएस (कर्मचारी पेन्शन योजना) पेन्शन लहान असते. वेतनाची मर्यादा १५,००० आणि सूत्र वेतन गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. पूर्ण ३० वर्षं या मर्यादेवर धरली तरी ६,४२८ रुपये. जुन्या सेवेचा हिशेब तेव्हाच्या कमी मर्यादेवर होतो, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमीच येते. एनपीएसखालच्या (राष्ट्रीय पेन्शन योजनेखालच्या) सरकारी कर्मचाऱ्याला किमान ४० टक्के निधीची ॲन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून मिळणारी नियमित पेन्शन, घ्यावी लागते. ती घेताना आपल्यानंतर जोडीदाराला चालू राहणारा पर्यायच निवडा. एकट्याच्या नावचा पर्याय महिन्याला थोडे जास्त देतो आणि नंतर बायकोला काहीच देत नाही.

आखातातून परतलेल्यांनी एनआरई (अनिवासी भारतीयांची) खाती रहिवासी खात्यांत बदलून घ्यावीत. परतल्यावरही ती तशीच ठेवणं नियमात बसत नाही आणि पुढे कराच्या नोटिशीला निमंत्रण ठरतं.

सहावी पायरी: रकमेची वाटणी

वेर्णातल्या कारखान्यातून निवृत्त झालेलं, भाडं नसलेलं, स्वतःचं घर असलेलं एक जोडपं धरू. हाती ६० लाख, ईपीएस ५,००० आणि तिन्ही याद्या धरून आजचा खर्च २६,०००.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख, ही एका व्यक्तीची कमाल मर्यादा. एप्रिल २०२३ पासून दर ८.२ टक्के आहे. खातं उघडताना चालू असलेला दर पाच वर्षं पक्का राहतो. दर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५०० पडतात. व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या पहिल्या तारखेला जमा होतं, त्यामुळे तीन महिने पुरवायची शिस्त लागते. वर्षाच्या आत मोडलं तर व्याज मिळत नाही, दोन वर्षांच्या आत दीड टक्का कापतात, त्यानंतर एक टक्का. दोन तिमाहींमधले महिने जड जाणाऱ्यांसाठी पोस्टाची मासिक प्राप्ती योजना आहे. तिथं ७.४ टक्क्यांनी ९ लाखांवर दरमहा ५,५५० येतात. ४ लाख सहज काढता येतील असे बँकेत. ५ लाख तिसऱ्या यादीसाठी एक, दोन, तीन, चार आणि पाच वर्षांच्या ठेवींत, दरवर्षी एक सुटेल अशा. उरलेले १२ लाख पुढच्या सात-आठ वर्षांत लागणार नाहीत असे धरून म्युच्युअल फंडात, इंडेक्स (शेअर निर्देशांकाप्रमाणे चालणारे) आणि हायब्रिड (शेअर आणि कर्जरोखे मिळून) असे वाटून, आणि एकदम न टाकता बारा-अठरा महिन्यांत हळूहळू.

महिन्याचं उत्पन्न ३१,०५० होतं. पहिल्या वर्षी ५,००० उरतात आणि जोडप्याला वाटतं आपण सुखात आहोत. ते खर्चायचे नाहीत. कारण ६ टक्के महागाईने तिसऱ्या वर्षाअखेर खर्च ३१ हजारांवर येतो, उत्पन्न तिथंच असतं. पहिल्या तीन वर्षांत वाचलेले पैसे आणि ते १२ लाख यांच्यावर पुढची तफावत भागवायची आहे. म्हणून याच जोडप्यानं वरचा मजला चढवायला १५ लाख घातले असते तर पासष्टीलाच मुलाकडे हात पसरावा लागला असता. दोन-तीन दिवसांचं अर्धवेळ काम, बचतगटाचे हिशेब लिहिणं, शिकवणी, दुकानाचे कर भरून देणं, यातून महिन्याला ५-६ हजार आले तरी मुद्दलाला पाच-सात वर्षं हात लावावा लागत नाही. आठवडा आणि पैसे एकमेकांत असे गुंततात.

खोली पर्यटकांना द्यायचा विचार असेल तर पर्यटन खात्याकडे नोंदणी आणि भाडेकरूची पोलीस पडताळणी आधी. चादरी, साफसफाई, रात्री अकराला येणारा पाहुणा, हेही काम आहे, ते आठवड्याच्या तक्त्यात लिहून पाहा.

सातवी पायरी: गोव्याचा कायदा ओळखून कागद करा

महाराष्ट्रातल्या नातेवाइकाचा सल्ला इथं पुष्कळदा चुकतो. आपल्याकडे बहुतेक लग्नं संपत्तीच्या सामाईक मालकीखाली येतात. वेगळा करार केलेला नसेल तर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावरच्या ठेवीतही बायकोचा अर्धा वाटा असतो, आणि घर विकायला दोघांची संमती लागते. मृत्युपत्राने तुम्ही आपल्या वाट्याच्या फक्त अर्ध्या हिश्शाची हवी तशी व्यवस्था लावू शकता. उरलेला अर्धा मुलांचा कायद्याने राखीव असतो. वहीच्या कागदावर लिहून दोन सह्या घेतलेलं मृत्युपत्र इथं उपयोगी पडत नाही, ते उपनिबंधक कार्यालयात नोटरीसमोर साक्षीदारांच्या उपस्थितीत करावं लागतं. एका मुलाला फ्लॅटसाठी दिलेली मोठी रक्कम पुढे त्याच्या वाट्यात धरली जाऊ शकते, म्हणून ती लेखी द्या आणि बाकीच्या मुलांना कळू द्या. नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा माणूस, मालक वारस ठरतात.

आयकरातही गोव्यासाठी वेगळी तरतूद आहे, जुन्या कायद्यात ती कलम ५ए म्हणून ओळखली जायची. पगार आणि पेन्शन ज्याची त्याची, पण व्याज, भाडं आणि भांडवली नफा नवरा-बायकोत निम्मा-निम्मा धरला जातो. वरच्या ३० लाखांचं २,४६,००० व्याज प्रत्येकी १,२३,००० होतं. कापलेला करही तसाच वाटला जातो. विवरणपत्र भरणाऱ्याला हे माहीत नसेल तर एकाच्या नावावर जास्त उत्पन्न दिसतं आणि परतावा अडकतो. करसल्लागार गोव्यातलाच घ्या.

औषधपाणी

कंपनीचा आरोग्यविमा निवृत्तीच्या दिवशी संपतो, म्हणून स्वतःची पॉलिसी दोन-तीन वर्षं आधी घ्या. आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ तीन वर्षांपर्यंत असू शकतो. आजार लपवून घेतलेली पॉलिसी गरजेच्या वेळी नाकारली जाते. पाच वर्षं गोव्यात राहणाऱ्यांना दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड मिळतं: तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्याला चार लाख, ठरवून दिलेल्या उपचारांसाठी. सत्तरीनंतर उत्पन्नाची अट नसलेलं, उपचारांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जाणार असाल तर सोबत येणारा माणूस आणि गाडी हेच मोठे प्रश्न असतात, तेव्हा वाड्यावरच्या दोन शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा.

फसवणूक

बँकेतल्या ओळखीच्या कर्मचाऱ्यानं ‘ठेवीसारखंच आहे’ म्हणून दिलेला कागद घरी आणून वाचा. त्यावर ‘प्रीमियम’ शब्द दिसला तर तो विमा आहे, आणि ३० दिवसांत तो परत करता येतो. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत. असा फोन आला तर ठेवून द्या, पैसे गेलेच असतील तर त्याच तासात १९३० वर कळवा. ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी १४५६७.

नोव्हेंबरचा दिवस

हयातीचा दाखला दर नोव्हेंबरात द्यायचा असतो. ऐंशी पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबरपासून देता येतो. मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो किंवा पोस्टमनला घरी बोलावून. तो दिवस वर्षाच्या तपासणीचाही ठरवा. एक फाइल काढा: पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत आणि त्यावर जोडीदाराचं नाव आहे की नाही, ठेवींची यादी, विम्याच्या पॉलिसी, घराचे कागद, एक-चौदा, मृत्युपत्र कुठल्या कार्यालयात आहे त्याची नोंद. व्याजावर कर कापू नये म्हणून द्यायचं पत्र, ज्याला सगळे १५ एच म्हणतात, ते एप्रिलमध्ये दिलं होतं का ते पाहा. मग तिन्ही याद्यांतला खर्च गेल्या वर्षीशी ताडून बघा आणि शेवटी आठवड्याचा कागद काढा. ज्या कामाला गेल्या तीन महिन्यांत जाणं टाळलंत ते खोडून टाका आणि त्याच्या जागी एकच नवं लिहा. हे सगळं दोघांनी मिळून करा, म्हणजे फाइल कुठल्या कपाटात आहे आणि त्यात काय आहे, हे दोघांनाही ठाऊक असेल.